पवित्रीकरण (ख्रिस्ती)

ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यानंतर किंवा बाप्तिस्मा घेतल्यानंतर माणसाच्या श्रद्धेत आणि स्वभावात आयुष्यभर होत राहणारा पालट. ठाणे व नवी मुंबईतल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही संज्ञा उपदेशात व बायबल अभ्यासात ऐकू येते. घरगुती बोलण्यात ‘आत्मिक वाढ’, ‘प्रभूमध्ये वाढणे’, ‘विश्वासात स्थिर होणे’ हे प्रयोग जास्त. कॅथलिक घरांत अशी एकच संज्ञा रुळलेली नाही. तिथे ही वाढ मिस्सा (कॅथलिक उपासना), पापनिवेदन, दृढीकरण (बाप्तिस्म्याला दृढ करणारा संस्कार) आणि जपमाळ यांच्या नेमातून ओळखली जाते.

संज्ञा : मूळ ग्रीक शब्द ‘हागिआस्मोस’. त्यामागच्या हिब्रू कल्पनेत देवासाठी वेगळे काढण्याचा अर्थ आहे. मंदिरातले भांडे देवाच्या कामाला लावले म्हणून ते पवित्र. मराठी कानाला मात्र ‘पवित्र’ म्हटले की सोवळे, शिंपडलेले पाणी, शिवाशिव आधी आठवते, आणि ‘पवित्रीकरण’ हा शब्द शुद्धीच्या विधीसारखा वाजतो. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रात (४:३) तुमचे पवित्रीकरण व्हावे ही देवाची इच्छा आहे असे म्हटल्यावर प्रेषित पौल लगेच देहाच्या संयमाविषयी आणि व्यवहारात भावाला न फसवण्याविषयी बोलतो. पाण्याचा वा विधीचा तिथे उल्लेखही नाही.

आसपासचे शब्दही असेच तपासून घ्यावे लागतात. ‘मेतानोइआ’ म्हणजे मन पालटणे. त्यासाठी रूढ झालेल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारी तळमळ नेमकी उतरते, पण वाट बदलण्याचा भाग समजावून सांगावा लागतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातल्या कल्पनेसाठी ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द हाताशी होता. तो बाजूला ठेवून ‘नव्याने जन्म’, ‘नवा जन्म’ असे म्हटले जाते. जन्ममरणाच्या फेऱ्याशी गल्लत होऊ नये हे कारण उघड आहे. उलट गलतीकरांस पत्रातल्या (५:२२-२३) ‘एन्क्रातेइआ’ला (आत्मसंयम) ‘इंद्रियदमन’ हा शब्द योगाच्या आणि वैराग्याच्या परंपरेतून उचलला गेला, तर पेत्राच्या दुसऱ्या पत्रातल्या ‘आरेते’ला (सद्गुण) ‘सात्त्विकता’. हे दोन्ही शब्द इथल्या मातीत आधीच वाढलेले होते. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या वाढीचा विचार करतो तेव्हा नकळत संतांच्या आणि योग्यांच्या भाषेत करतो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला अडचणीपेक्षा ठेव्यासारखी वाटते.

गलतीकरांस पत्रातली यादी अशी : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. उपदेशात सर्रास ‘आत्म्याची नऊ फळे’ म्हणतात. मूळ ग्रीकमध्ये आणि मराठी भाषांतरातही ‘फळ’ एकवचनी आहे. भेद बारीक असला तरी परिणाम मोठा आहे. नऊ फळे म्हटली की आनंद माझा, सहनशीलता बायकोची, अशी वाटणी करता येते. एकच फळ असेल तर ती वाट बंद होते. दुसऱ्या पेत्रात (१:५-७) विश्वासापासून प्रीतीपर्यंत जाणारी साखळी आहे आणि मराठी भाषांतराने तिथे ‘भर घाला’ हे क्रियापद वापरले आहे. शेताच्या बांधाला दरवर्षी माती घालणाऱ्याला ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

मतभेद : विश्वास ठेवताच देव माणसाला नीतिमान ठरवतो, मग त्याच्या प्रत्यक्ष वागण्यातल्या बदलाचे काय, हा जुना प्रश्न आहे. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर याच्या मते विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. दुसरा सुधारक कॅल्विन नीतिमान ठरणे व पवित्र होणे या एकाच कृपेच्या दोन देणग्या मानतो, वेगळ्या ओळखता येणाऱ्या पण तोडता न येणाऱ्या. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ च्या सहाव्या बैठकीत, मिळालेले नीतिमत्त्व सत्कृत्यांनी वाढते अशी भूमिका घेतली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत याच वाटचालीला ‘थेओसिस’, म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे, म्हणतात. लूथरन व कॅथलिक यांच्यातले या विषयावरचे अंतर ३१ ऑक्टोबर १९९९ च्या संयुक्त घोषणेने बरेच कमी झाले.

इथल्या मंडळ्यांवर अधिक ठसा उमटला तो मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीचा (१७०३–१७९१). याच जन्मात प्रीतीत परिपूर्ण होता येते, आणि ते एखाद्या क्षणी घडूही शकते, असे तो शिकवी. १८७५ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या केझिक अधिवेशनांनी (आत्मिक वाढीसाठीच्या वार्षिक सभांनी) ‘समर्पण’ हा शब्द पुढे आणला. १८८२ मध्ये मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मी) पवित्रतेची शिकवण वेस्लीच्याच घरातली. नंतरच्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आत्म्याचा बाप्तिस्मा हा वेगळा, ठळक अनुभव मानतात. तेव्हा वाढ हळूहळू होते की एका निर्णायक क्षणी, असे दोन पक्ष आजही एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर सापडतात.

मराठी ख्रिस्ती आत्मकथने पाहता पहिल्या पक्षाकडे वजन झुकते. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्मा १८५४ चा, पण त्याआधीची त्यांची कितीतरी वर्षे वाचनात आणि घालमेलीत गेली होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज येथे झाला. त्यांनीच पुढे लिहिले आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. केडगावच्या त्यांच्या मुक्ति सदनातले १९०५ चे संजीवन (धार्मिक जागृती) क्षणात पेटल्यासारखे वर्णिले जाते, पण त्यामागे दुष्काळातून आणलेल्या मुलींना वर्षानुवर्षे दिलेले जेवण, अक्षरे आणि प्रार्थना होती, हे विसरता येत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत तर व्याख्येचा क्रमच उलटतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या पतीकडे परतल्या, तरी त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा होता. पुढे जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न मनात उभा राहिला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांचा निश्चय झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. स्वभावातला सर्वांत कठीण पालट आधी आणि संस्कार मागून, असेही घडते.

ठाण्यातील पूर्वपीठिका : ठाण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन चौदाव्या शतकातले आहे. पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यात नेस्तोरियन (पूर्वेकडच्या एका प्राचीन पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे सांगतो. त्यातल्या एका घरी तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे ख्रिस्ती प्रवासी उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, ती सकाळी काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने घरातल्या पाहुण्यांची नावे सांगितली. पुढे वादविवाद वाढून चौघेही मारले गेले. हुतात्म्यांची कथा म्हणून हा प्रसंग सांगताना ती मार खाणारी बाई मागे पडते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे : घराला ख्रिस्ती म्हणवून घेणे आणि घरातले वागणे यांतले अंतर ठाण्याच्या पहिल्याच नोंदीत दिसते.

या घटनेचे साल काही ठिकाणी १३२२ दिले जाते. १३२१ अधिक ग्राह्य वाटते. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता. त्यामुळे झावळ्यांच्या रविवारआधीचा (हा ईस्टरच्या आदला रविवार) गुरुवार ९ एप्रिलला येतो आणि तो तिघांच्या मृत्यूच्या परंपरागत दिवसाशी जुळतो. पीटरचा मृत्यू ११ एप्रिलचा मानतात. शिवाय चौघांचा सोबती जॉर्डनस याचे या मृत्यूंविषयीचे पत्र ऑक्टोबर १३२१ चे आहे. त्यातच ठाणे ते सोपारा या पट्ट्यात ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचे तो लिहितो.

आजच्या ईस्ट इंडियन (उत्तर कोकणातल्या मूळ कॅथलिक) समाजाची परंपरा मुख्यतः १५३४ नंतरच्या पोर्तुगीज काळातली. इथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण (१६१६) साष्टीतले, असे वाचून ते ठाण्याच्या साष्टी बेटाशी जोडले जाते. स्टीफन्स यांची साष्टी गोव्यातली. नव्या ख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी गाण्या-ऐकण्यासाठी काही हवे, ही त्या ग्रंथामागची गरज होती. उत्तर कोकणात हीच गरज फ्रान्सिस्को वाझ द गिमराँइश यांच्या ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराणाने भागवली. त्याचे साल साधारणतः १६५९ दिले जाते. रोमन लिपीत छापलेल्या या मराठी काव्यात इकडच्या बोलीची रूपे आहेत. उपवासकाळात ते घरात वाचले-गायले जाई. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे गेल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले. मागे एतद्देशीय धर्मगुरू, घरातली जपमाळ, गावठाणातला क्रूस आणि हे गाणे एवढ्यावर श्रद्धा तगली. वाढीचे हे रूप सिद्धांताच्या पुस्तकांत कमी येते, पण ठाण्यात ते सर्वांत दीर्घकाळ टिकलेले आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ पासूनचे.

प्रॉटेस्टंट बाजूला अमेरिकन मिशनचे ठाण्यातले काम १८१८ च्या सुमारास सुरू झाले. सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये केली. मराठी प्रॉटेस्टंट वस्ती वाढली ती विसाव्या शतकात, वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे. अहमदनगर, जालना भागातून आलेली कुटुंबे ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक आणि त्यातली टिळकांची गीते बरोबर घेऊन आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर उभ्या राहिलेल्या नवी मुंबईत मल्याळम, तमिळ, हिंदी, इंग्रजी आणि मराठी उपासना शेजारी शेजारी चालू लागल्या; अनेक मंडळ्यांची सुरुवात शाळेच्या सभागृहात किंवा कोणाच्या तरी घरात झाली.

आचार : प्रौढांना टप्प्याटप्प्याने तयार करण्याची प्राचीन पद्धत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) पुन्हा सुरू करायला सांगितली आणि तिचा विधिग्रंथ १९७२ मध्ये आला. त्यात बाप्तिस्म्यानंतर ईस्टर ते पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) हा काळ मिळालेल्या संस्कारांचा अर्थ जगून समजून घेण्यासाठी राखलेला आहे. मराठी प्रॉटेस्टंट घरांत पहाटेचे बायबलवाचन, कौटुंबिक प्रार्थना, उपवास प्रार्थना, प्रभुभोजनाआधीचे (भाकर व प्याल्याच्या विधीआधीचे) आत्मपरीक्षण आणि आठवड्याची घरसभा हे नेम आहेत.

घरसभा जवळून पाहिल्याशिवाय ही संज्ञा नीट कळत नाही. घणसोलीतल्या एका वन-रूम-किचनमध्ये संध्याकाळी साडेसातला दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. पलंग भिंतीला सरकवलेला, सतरंजी शेजाऱ्यांकडून आणलेली. ठाणे लोकलने कामावरून आलेला माणूस मांडीवर डबा तसाच ठेवून टाळी धरतो. वाचनाची पाळी फिरते. नुकतीच येऊ लागलेली बाई ‘फिलिप्पैकर’ सापडेना म्हणून पाने चाळते, आणि शेजारची आजी स्वतःचे वाचन थांबवून तिच्या बायबलमध्ये रिबन लावून देते. मग साक्षी. एकाने दारू सुटून सहा महिने झाल्याचे सांगितले तेव्हा पाळकांनी त्याच्या बायकोकडे पाहिले. ती पदर सारखा करून म्हणाली, “पगार घरी येतो आता. पण राग अजून येतो त्यांना.” पाळकांनी दोन्ही गोष्टींसाठी प्रार्थना केली.

‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ (फिलिप्पै २:१२) हे वचन अशा ठिकाणी पुढच्या वचनासह वाचले जाते, कारण तिथे इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच साधतो असे म्हटले आहे. पहिले एकटे वाचले तर माणूस खचतो. दुसरे एकटे वाचले तर सैल पडतो.

सर्वांत अवघड कसोटी आजही जातीची आहे. प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला ओठ लावणाऱ्या मंडळीत लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, आणि उपदेशात याविषयी बोलले जाते त्याहून कितीतरी जास्त बोलण्याची गरज आहे. लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या भांड्यापाशी जो निर्णय केला तो अनेक घरांत सोयरिकीपाशी अडकला आहे.

वर्षअखेरीस ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना होते. बऱ्याच मंडळ्यांत बारा वाजल्यानंतर प्रत्येक जण ताटातून वचनाची एक चिठ्ठी उचलतो. ती फ्रीजवर किंवा देव्हाऱ्याच्या जुन्या कोनाड्यात वर्षभर चिकटवलेली राहते, आणि नवी मिळाली की जुनी बायबलच्या पानांत जाते. म्हाताऱ्या माणसांची बायबले अशा चिठ्ठ्यांनी फुगलेली असतात. काहींच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि एखाद्या मुलाचे नाव लिहिलेले असते.