कठड्यापासून एक मीटर

दर रविवारी सकाळी सहाला मी भाचीला घेऊन रिंकवर जातो. पुण्यात बर्फ नाही, म्हणून ती इनलाइन स्केट्स घालून सिमेंटवर हॉकी खेळते. मागच्या महिन्यात तिच्या गटातला एक मुलगा रिंकभोवतीच्या कठड्याजवळ पकमागे (या हॉकीत चेंडूऐवजी असणारी चपटी चकती) धावला. मागून येणाऱ्याचा हात त्याच्या पाठीला लागला आणि तो मान खाली घालून थेट कठड्यावर आपटला. नशिबाने हेल्मेटवर नुसता ओरखडा आला. 'हेल्मेट होतं म्हणून वाचला,' असं आम्ही सगळे पालक म्हणालो. मी घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते अर्धंच खरं आहे.

हेल्मेट कवटी वाचवतं. मान वाचवणं त्याच्या हातात नाही.

तुमचा हात मानेच्या मागच्या बाजूला ठेवून बघा. ताठ उभं राहिलं की तिथे हलकासा खळगा लागतो. मानेच्या सात मणक्यांचा तो नैसर्गिक बाक. आता हनुवटी थोडी छातीकडे न्या. खळगा गेला, मणके एका रेषेत आले. बाक असताना धडक बसली तर मान वाकते, आणि स्नायू व अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) तो जोर वाटून घेतात. मणके सरळ रेषेत असले की मात्र मानेची कॅरमच्या सोंगट्यांची चळत होते. डोकं कठड्याशी थांबतं, मागून धडाचं सगळं वजन येतच राहतं आणि मधली मान चेपली जाते. बहुधा पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास हाड फुटतं आणि त्याचे तुकडे मज्जारज्जूत घुसू शकतात. मज्जारज्जू तुटला की हातपाय कायमचे जातात.

यासाठी फार वेगही लागत नाही. प्रयोगांत डोकं सेकंदाला सुमारे 3 मीटर वेगाने आदळल्यावर मानेचे मणके मोडलेले दिसले आहेत. ताशी 11 किलोमीटर म्हणजे आपली सारसबागेतली सकाळची जॉगिंग! अर्ध्या मीटरवरून, म्हणजे जेवणाच्या खुर्चीच्या उंचीवरून, डोक्यावर पडलं तरी एवढा वेग येतो. बर्फावर चांगला खेळाडू ताशी 30 किलोमीटर सहज गाठतो. शिवाय हाड मोडतं सेकंदाच्या पन्नासाव्या भागात किंवा त्याच्याही आत. स्नायू आवळायला याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे 'मान घट्ट केली असती तर' याला काही अर्थ उरत नाही. तयारी धडकेच्या आधीच हवी.

टोरांटोचे मेंदूशल्यविशारद चार्ल्स टेटर यांनी कॅनडातल्या आइस हॉकीतल्या अशा दुखापतींची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं कारण एकच होतं: मागून ढकललं जाणं आणि डोकं कठड्यावर आदळणं. 1985 मध्ये तिथल्या हौशी हॉकीत मागून ढकलण्याविरुद्ध स्वतंत्र नियम आला, आणि पुढच्या काळात हातपाय लुळे पडण्याच्या घटना कमी झाल्या. पण दर वेळी ढकलणारा असतोच असं नाही. 20 ऑक्टोबर 1995 ला बोस्टन विद्यापीठाकडून पहिलाच सामना खेळणारा ट्रॅव्हिस रॉय मैदानात उतरला आणि अवघ्या 11 सेकंदांत, प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायला जाताना तोल जाऊन, डोक्यावर कठड्यात गेला. मानेचा चौथा मणका मोडला. तो तेव्हा 20 वर्षांचा होता, आणि उरलेलं आयुष्य त्याने व्हीलचेअरवर काढलं.

सगळ्यात धोक्याची जागा कठड्याला चिकटून नसते, ती कठड्यापासून साधारण मीटरभर आत असते. चिकटून उभ्या असलेल्याचं अंग कठड्यावर दाबलं जातं, डोक्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. मीटरभर दूर, वाकलेला, पकवर नजर लावलेला खेळाडू मात्र ढकलला गेला की पुढे झोकला जातो. अमेरिकेत काही रिंकवर कठड्यालगत सुमारे मीटरभर रुंदीचा नारिंगी पट्टा मारतात, तो याचसाठी. पट्टा खेळाडूला सांगतो: तिथे आलास की मान वर कर, आणि समोरच्याची पाठ दिसली तर हात आवर.

मुलांना शिकवायचं तेही एवढंच. कठड्याकडे तिरकं जा. आपटणार असं वाटलं तर खांदा, हात, कंबर, काहीही आधी लागू दे, डोकं नको. आणि डोकं लागणारच असेल तर नजर वर ठेव. पक दिसला नाही तरी चालेल. आमच्या सरांनी आता कठड्यालगत खडूने तशीच रेघ मारली आहे आणि ती ओलांडून कुणी कठड्याकडे गेलं की ते 'मान वर!' असं ओरडतात. मला हे कुठल्याही महागड्या हेल्मेटपेक्षा मोलाचं वाटतं.

एक गोष्ट आम्हा पालकांसाठी. त्या दिवशी आम्ही चौघे धावलो, मुलाला दंडाला धरून उभं केलं, हेल्मेट ओढून काढलं आणि पाणी पाजलं. मायेपोटीच केलं, पण मणका मोडलेला असता तर त्या ओढाताणीत मज्जारज्जूला इजा झाली असती. डोक्यावर आदळलेलं मूल मान दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा ते हलवता येत नसतील, तर आहे तिथेच राहू द्या. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही काढू नका. एकाने गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे त्याच स्थितीत स्थिर धरायचं, दुसऱ्याने 108 ला फोन करायचा, आणि अँब्युलन्स येईपर्यंत मुलाशी बोलत राहायचं.