तीन सिलिंडरचा सा, चार सिलिंडरचा म

“एक सिलिंडर मिस मारतोय बघा साहेब. प्लग बदलूया की.”

बेळगावात खानापूर रोडवरच्या एका गॅरेजात मिस्त्रीमामांनी असं सांगितलं आणि माझ्या मित्राचा चेहराच पडला. मोटारसायकल होती ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल 765 आर, घेऊन जेमतेम चार महिने झालेले. शेजारी त्याच्या चुलतभावाची कावासाकी झेड900 उभी होती. दोघं चोर्ला घाटातून गोव्याला निघाले होते आणि जाण्याआधी चाकातली हवा बघायला थांबले होते. मामांनी झेड900 चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “ही बघा, कशी तेलासारखी चालतीया.”

मामांनी तीस वर्षं ट्रॅक्टर आणि मोटारसायकली खोलल्या आहेत. दोन आवाजांत फरक आहे हे त्यांच्या कानाने बरोबर पकडलं होतं, चुकलं होतं ते निदान. ट्रायम्फला चौथा सिलिंडरच नाही, तर तो मिस कसा मारणार, म्हणजे पेटायचा कसा चुकणार? तीन सिलिंडरच्या इंजिनाचा निरोगी आवाजच तसा असतो. मी बावीस वर्षं उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याने गोल फिरणाऱ्या दांड्यावर, काम केलं आहे. हा आवाज कुठून येतो ते मला रोज हाताला लागायचं, म्हणून त्यावर लिहावंसं वाटलं.

आधी दोन्ही गाड्यांची ओळख. दोन्ही ‘नेकेड’ प्रकारातल्या, म्हणजे पुढे वारा अडवणारं फेअरिंग नाही आणि इंजिन उघडं दिसतं. झेड900 चं इंजिन 948 सीसीचं, एका ओळीत चार सिलिंडर. 125 पीएस (अश्वशक्ती) ताकद 9500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) आणि 98.6 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) 7700 आरपीएमला. वजन 212 किलो. 2023 मध्ये आलेली स्ट्रीट ट्रिपल आर 765 सीसीची, तीन सिलिंडरची. 120 पीएस 11500 ला, 80 न्यूटन-मीटर 9500 ला, वजन 189 किलो.

हे आकडे वाचून पोरं लगेच म्हणतात, “सीसी बघा ना, कावासाकीच भारी.” इथे थोडा गुणाकार करून बघावा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. झेड900 चं 98.6 गुणिले 7700 येतं 7,59,220. ट्रायम्फचं 80 गुणिले 9500 येतं 7,60,000. म्हणजे दोन्ही इंजिनं आपापल्या सर्वाधिक टॉर्कच्या जागी जवळपास एकसारखीच ताकद देतात, सुमारे 108 पीएस. 183 सीसीचा फरक ट्रायम्फने जास्त वेगाने फिरून भरून काढला. त्यासाठी पिस्टनचा प्रवास आखूड ठेवला आहे, 53.4 मि.मी. झेड900 चा आहे 56 मि.मी. वजन धरलं तर पारडं उलटंच होतं. 75 किलोचा माणूस बसवला, तर दर किलोमागे ट्रायम्फची ताकद थोडी जास्तच भरते. मात्र ती मिळवायला गिअर खाली टाकून इंजिन चढवावं लागतं. झेड900 मधल्या वेगातच ओढते, आणि उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना ते बरं पडतं.

आता क्रँकशाफ्टकडे येतो.

आमच्या शॉपमध्ये ग्रॅनाइटची सरफेस प्लेट होती. चार सिलिंडरचा क्रँक तिच्यावर ठेवला की तो सपाट बसतो. प्रत्येक सिलिंडरची एक पिन, तिच्यावर पिस्टनचा रॉड बसतो. पहिली आणि चौथी पिन एका बाजूला, दुसरी आणि तिसरी बरोबर समोरच्या बाजूला. सगळं एकाच पातळीत, पापड ठेवावा तसं. तीन सिलिंडरचा क्रँक असा कधीच बसत नाही. तिन्ही पिना एकमेकींपासून 120 अंशांवर असतात, टोकाकडून पाहिलं तर तिपाईच्या पायांसारख्या. नवीन पोरगं तो प्लेटवर ठेवायला गेलं की तो कलंडायचा, मग व्ही-ब्लॉक आणून द्यावा लागायचा. या दोन गाड्यांमधला बहुतेक फरक या 180 आणि 120 अंशांतून निघतो.

पिस्टन वर-खाली जातो. एक पिस्टन वर फेकला जात असताना दुसरा तेवढ्याच जोराने खाली आला तर दोघांचे धक्के एकमेकांना मारतात आणि इंजिन शांत राहतं. चार सिलिंडरमध्ये दोन वर आणि दोन खाली असतात, म्हणजे हिशोब मिटला असं वाटतं. तो पूर्ण मिटत नाही, कारण पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त वेगाने जातो आणि खालच्या अर्ध्यात कमी.

असं का होतं? क्रँकची पिन गोल फिरते, पण तिला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो. समजा, क्रँकचा हात (मध्यापासून पिनपर्यंतचं अंतर) 28 मि.मी. आणि रॉड 112 मि.मी. लांब आहे. (रॉडची लांबी मी हिशोबाच्या सोयीसाठी घेतली आहे.) पिस्टन अगदी वर असताना पिस्टनची पिन क्रँकच्या मध्यापासून 140 मि.मी. वर असते. क्रँक पाव फेरा फिरला की हात आडवा होतो आणि रॉड तिरका. आता पायथागोरसचं प्रमेय लावा. 112 चा वर्ग वजा 28 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 108.4. म्हणजे पहिल्या पाव फेऱ्यात पिस्टन 31.6 मि.मी. उतरला. पूर्ण उतार 56 चा आहे, तेव्हा पुढच्या पाव फेऱ्याला उरले फक्त 24.4. वेळ तेवढाच, अंतर वेगळं.

आता चार पिस्टन एकत्र पाहू. सुरुवातीला दोन अगदी वर, दोन अगदी खाली. त्यांची सरासरी जागा बरोबर मध्यावर, वरून 28 मि.मी. पाव फेऱ्यानंतर वरचे दोन 31.6 उतरलेले असतात आणि खालचे दोन 24.4 च चढलेले. चारही पिस्टन एका रांगेत, वरून 31.6 मि.मी. अंतरावर येतात. सरासरी जागा साडेतीन मि.मी. खाली सरकली! आणखी पाव फेऱ्याने ती परत मध्यावर, पुढच्या पाव फेऱ्याला पुन्हा खाली. एका फेऱ्यात दोनदा. चारही पिस्टनांचं मिळून वजन असं खाली-वर होत राहतं आणि इंजिनाच्या सांगाड्याला त्याच तालात हिसके बसतात. 6000 आरपीएमला इंजिन सेकंदाला 100 फेरे मारतं, म्हणजे असे 200 हिसके. लांबच्या प्रवासात हँडलवर बोटांना येतात त्या मुंग्या यातूनही येतात. यावर उपाय आहे. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच क्रँकच्या दुप्पट वेगाने उलट-सुलट फिरणारे दोन शाफ्ट बसवण्याची युक्ती काढली होती. ती आजही काही चार सिलिंडर इंजिनांत वापरतात.

आता तोच हिशोब तीन पिस्टनांचा करा, तोच हात, तोच रॉड. पहिला पिस्टन वर असताना तिघांची उंची क्रँकच्या मध्यापासून 140, 95.34 आणि 95.34. बेरीज 330.68. पाव फेऱ्यानंतर उंची येते 108.44, 86.87 आणि 135.37. बेरीज पुन्हा 330.68! पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा मला वाटलं चूक झाली, म्हणून मी परत मोजलं. तिन्ही पिस्टन इकडेतिकडे धावतात, पण त्यांची सरासरी जागा जागची हलत नाही.

त्रिकोणमिती आठवत असेल त्यांनी कोसाइनची बेरीज करून पाहावी. 0, 120 आणि 240 अंशांच्या कोसाइनची बेरीज शून्य येते. दुप्पट वेगाच्या हिसक्यासाठी कोन दुप्पट करायचे, तर येतात 0, 240 आणि 480. यातला 480 म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर 120, तेव्हा पुन्हा तेच तीन कोन आणि पुन्हा शून्य. चार सिलिंडरचे कोन 0, 180, 180, 0. ते दुप्पट केले तर 0, 360, 360, 0, म्हणजे चौघंही एकाच दिशेला आणि बेरीज चार. ज्यांना हे नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, मला मात्र हा फार आवडतो.

मग सगळेच तीन सिलिंडर का बनवत नाहीत? कारण बेरीज शून्य आली तरी हिसके वेगवेगळ्या जागी बसतात. डावा पिस्टन वर ओढत असताना उजवा खाली दाबत असतो, आणि इंजिन तराजूच्या दांडीसारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलू लागतं. चार सिलिंडरमध्ये पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा आरशातल्यासारखे सारखे असल्यामुळे हे डुलणं नाही. ट्रायम्फच्या इंजिनात त्यासाठी वेगळा बॅलन्सर शाफ्ट घातला आहे. तो दोन्ही टोकांना विरुद्ध बाजूंनी वजन घेऊन क्रँकच्या उलट फिरतो आणि डुलणं आवरतो.

आता मामांच्या कानाकडे परत येऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर 180 अंशांनी एक स्फोट, तीन असतील तर दर 240 अंशांनी. 6000 आरपीएमला झेड900 सेकंदाला 200 वेळा पेटते आणि ट्रायम्फ 150 वेळा. या 200 आणि 150 चं गुणोत्तर आहे 4:3. संगीतात षड्ज आणि शुद्ध मध्यम यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तरही नेमकं 4:3 असतं. दोन्ही गाड्या एकाच आरपीएमला शेजारी धरल्या तर ट्रायम्फ सा लावते आणि कावासाकी त्याच्या वरचा म. मालकंसाला पंचम वर्ज्य असतो म्हणून त्याच्यासाठी तंबोरा पंचमाऐवजी मध्यमात लावतात. त्या तंबोऱ्यात हेच नातं वाजत असतं. याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्व जन्मले. इथल्या कानांना हे नातं वेगळं समजवावं लागू नये.

ट्रायम्फच्या आवाजातल्या खरखरीचं कारणही यातच आहे. झेड900 चे स्फोट फेऱ्याच्या बरोबर दुप्पट, आणि क्रँकच्या फिरण्यातून येणारे इतर आवाजही फेऱ्याच्या एकपट, दुप्पट अशा पूर्ण पटीत, त्यामुळे सगळं एकमेकांत मिसळतं. ट्रायम्फचे स्फोट दीडपट. ते त्या आवाजांच्या मधोमध पडतात, आणि कानाला तो घरघरीचा पोत जाणवतो. मामांनी ऐकलेलं ‘मिसिंग’ ते हेच. मी त्यांना म्हटलं, “मामा, मारुती 800 चा आवाज आठवतोय? तीही तीन सिलिंडरचीच होती.” ते क्षणभर थांबले. म्हणाले, “होय की. आणि आमचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर पण असाच बोलतोय.”

त्याच गॅरेजच्या काउंटरवर पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक विकायला ठेवले होते, ‘मायलेज वाढवा, पिकअप वाढवा’ अशा चिठ्ठीसकट. याचा मला मनापासून राग येतो. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की त्याच्या जळण्यात काहीही फरक पडत नाही. ते पैसे चांगल्या टायरवर घालावेत. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याचंही तसंच आहे. घाटात माणसाला वाचवतात ते टायरमधली योग्य हवा, चांगले ब्रेक आणि डोक्यावरचं हेल्मेट.

तीन की चार हा वाद तसा जुना. ट्रायम्फची तीन सिलिंडरची ट्रायडेंट 1968 मध्ये आली. पुढच्याच वर्षी होंडाची चार सिलिंडरची सीबी750 आली आणि 1972 मध्ये कावासाकीची 903 सीसीची झेड1. आजची झेड900 हे नाव तिच्याच घराण्यातलं. ट्रायम्फचं 765 सीसी इंजिन 2019 पासून मोटो2 शर्यतीतल्या सगळ्या गाड्यांना लागतं.

मित्राने प्लग बदलला नाही. दोघं जांबोटीच्या रस्त्याने निघाले. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण 7 टक्के विरळ, म्हणून दोन्ही इंजिनं इथे छापील ताकदीपेक्षा थोडी कमीच देतात. चोर्ला उतरला की ती ताकद परत मिळते. संध्याकाळी मित्राचा फोन आला. घाटाखाली एका चहाच्या टपरीवर दोघांनी गाड्या उभ्या करून काटे 4000 वर धरले होते. मागे फोन उघडा होता आणि मला दोन्ही स्वर स्पष्ट ऐकू येत होते. ट्रायम्फचा सेकंदाला 100 चा, आणि त्याच्या वर कावासाकीचा 133 चा.