जहाजाचं बूड, बार्नेकल आणि डेव्हीसाहेबांची पंचाईत

समुद्रात काहीही बुडवून ठेवा, लाकूड, लोखंड, प्लास्टिक, काही तासांत त्यावर बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, आणि मग येतात बार्नेकलची, म्हणजे खडकाला-जहाजाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या छोट्या सागरी जीवाची, पिल्लं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू पण काय चोखंदळ! दोन मिशांवर चालत जागा चाचपून बघतं, नाही पटली तर पुढे निघतं, पटली की प्रोटीनचं सिमेंट सोडून जन्मभरासाठी डोक्यावर उभं. अशी हजारोंनी बसली की जहाज पाणी कापताना अडतं आणि डिझेल ढोसायला लागतं.

ब्रिटिश नेव्हीने 1761 मध्ये एचएमएस अलार्म या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि ते चाललं, पण खाऱ्या पाण्यात पत्रे झिजायचे. मग 1824 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने डोकं लावलं, तांब्याला जस्ताचे नाहीतर लोखंडाचे तुकडे जोडा, झिज त्यांची होईल. आणि खरंच तांबं वाचलं! फक्त त्यावर बार्नेकल बसायला लागले, कारण तांबं विरघळून पाण्यात उतरत होतं तेच तर त्यांना मारत होतं.

म्हणजे विष गळलं तरच काम होतं, आणि गळलं की ते जाणार कुठे? 1960 नंतर ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या विषारी रसायनाचे रंग आले, बार्नेकल एकदम साफ, पण फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली आणि काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना चक्क नराचे अवयव फुटले. शेवटी 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी.

आता मारण्यापेक्षा पकडच बसू न देण्यावर भर आहे. सिलिकॉनचे लेप नॉनस्टिक तव्यासारखे निसरडे, शिवाय मऊ, त्यामुळे बार्नेकल बसला तरी जहाजाने वेग घेतला की सोलून निघतो. कंटेनर जहाजांना हे मस्त, पण मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आपल्या होड्यांना कसं परवडणार, वाळूत एकदा घासलं की लेप गेला. आणि डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ सिलिकॉनलाही दाद देत नाही, जहाज वेगात असलं तरी चिकटून बसतं, म्हणून तांब्याचे रंग अजूनही धडाक्यात विकले जातात.