मोबाइलस्नेही व्यावसायिक संकेतस्थळ

मोबाइलस्नेही व्यावसायिक संकेतस्थळ : मोबाइलच्या अरुंद स्क्रीनवर मजकूर न ताणता वाचता यावा, बटणे अंगठ्याने दाबता यावीत आणि चौकशी, मागणी व पैसे देणे ही कामे संगणकाशिवाय पुरी व्हावीत, अशा रीतीने बांधलेले दुकानाचे, कारखान्याचे किंवा सेवा-व्यवसायाचे संकेतस्थळ. संगणकासाठी केलेले पान लहान करून दाखवणे म्हणजे मोबाइलस्नेही होणे नव्हे. फोन हातात धरलेल्या गिऱ्हाइकाला आधी काय हवे आणि कशावाचून त्याचे अडत नाही, हे ठरवणे हा या कामाचा गाभा असून तांत्रिक भाग त्यामागून येतो.

इंदूरसारख्या व्यापारी शहरात या निवडीचे महत्त्व चटकन लक्षात येते. राजवाड्याजवळ महेश्वरी साड्या विकणाऱ्या मराठी दुकानदाराचे गिऱ्हाईक शहरातल्याच रामबागेतले असू शकते, तसेच लग्नाच्या खरेदीसाठी चौकशी करणारे पुण्या-नागपूरचे नातेवाईकही असू शकतात. गावातल्या गिऱ्हाइकाला दुकान किती वाजेपर्यंत उघडे असते, राजवाड्याजवळच्या गर्दीत गाडी कुठे लावावी, एवढेच हवे असते. बाहेरगावच्याला किनारीचा जवळून घेतलेला फोटो, भाव आणि माल कधी पोहोचेल हे हवे असते. संस्थापकांचे मनोगत आणि आपोआप सरकणारी मोठी चित्रे या दोघांच्याही वाटेत येतात; तरीही अनेक संकेतस्थळांवर पहिला मान त्यांनाच दिलेला दिसतो.

इतिहास : सुरुवातीच्या मोबाइलसाठी वॅप या पद्धतीने वेगळी, जवळजवळ फक्त मजकुराची पाने करावी लागत. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने संगणकाची पाने जशीच्या तशी उघडली, पण ती ९८० पिक्सेल (स्क्रीनवरील ठिपके) रुंदीची गृहीत धरून ३२० पिक्सेलमध्ये बसवल्यामुळे अक्षरे मुंगीएवढी दिसत. त्यावर उपाय म्हणून ॲपलने व्ह्यूपोर्ट मेटा टॅग आणला. पानाची रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी धरावी, अशी सूचना देणारी ही एक ओळ आजही पानाच्या कोडच्या शीर्षभागात लागतेच. मे २०१० मध्ये वेबरचनाकार ईथन मार्कोट यांनी मांडणीची लवचीक जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनची रुंदी पाहून वेगळे नियम लावण्याची सोय) यांची सांगड घालून ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेची कल्पना मांडली. एकच पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलू लागल्यावर मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ सांभाळण्याची गरज बहुतेक ठिकाणी संपली.

व्यापाऱ्यांचे लक्ष मात्र मुख्यतः गूगलमुळे वेधले गेले. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरील शोधनिकालांत मोबाइलस्नेही पानांना झुकते माप मिळू लागले. पुढे पानाची मोबाइल आवृत्तीच मुख्य मानून नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. जुलै २०२४ पासून, जे संकेतस्थळ मोबाइलवर मुळीच उघडत नाही ते गूगलच्या नोंदीतही येत नाही. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरांत संगणक कधीच आला नव्हता तीही थेट फोनवरून इंटरनेटवर आली.

मजकूर व लिपी : इंदूरमध्ये एकाच दुकानाला हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत बोलावे लागते, आणि दोन्हींची लिपी देवनागरी असल्यामुळे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रणालीत, त्यांचे संकेतांक एकच आहेत. पानाच्या एचटीएमएलमध्ये (पान ज्या संकेतभाषेत लिहिलेले असते तीत) भाषा मराठी असल्याची नोंद केली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तरच मराठी वळण उमटते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर तर फोनवर निव्वळ गिचमीड दिसतो. त्यातून सुटका म्हणून मजकुराचे चित्र लावण्याची सवय अद्याप टिकून आहे. असे भावपत्रक मोठे करताना अक्षरे फुटतात, त्यातला मजकूर शोधात नीट सापडेल याची शाश्वती नसते, आणि चित्रातला दूरध्वनी क्रमांक दाबून फोन लावता येत नाही. वेलांट्या, मात्रा व जोडाक्षरे वरखाली वाढत असल्याने ओळींतील अंतरही रोमन मजकुरापेक्षा थोडे अधिक ठेवावे लागते.

चित्रे व वेग : पान रेंगाळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून आलेला, चारेक हजार पिक्सेल रुंदीचा आणि कित्येक मेगाबाइटचा फोटो तसाच चढवणे. फोनचे पान ३६० पिक्सेल रुंद धरले आणि स्क्रीनची घनता तिप्पट मानली (म्हणजे पानाच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे तीन ठिपके), तरी १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र पुरते. पदराचा पोत दाखवणारे मोठे चित्र, गिऱ्हाइकाने मागितल्यावरच, वेगळे उतरवता येते. वेबपीसारख्या, संकेतस्थळांसाठी केलेल्या चित्र-स्वरूपात तेच चित्र बहुधा आणखी हलके होते. चित्राची लांबी-रुंदी आधीच नोंदवली नाही, तर ते उशिरा उतरल्यावर खालचा मजकूर ढकलला जातो आणि ‘भाव विचारा’वर टेकणारे बोट भलत्याच दुव्यावर पडते. गूगलच्या निकषांप्रमाणे पानातील मुख्य घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा आणि स्पर्शाला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा.

अर्ज, बटणे व पैसे : बटणांच्या आकाराबद्दल ॲपलची शिफारस किमान ४४ पॉइंटांची (पॉइंट हे स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारे माप) आहे, तर अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या मानकात किमान मर्यादा २४ पिक्सेलची असून तीत काही अपवाद आहेत. मागणी नोंदवताना मोबाइल क्रमांक किंवा सहा आकडी पिनकोड विचारला, की आकड्यांचाच कळफलक उघडला पाहिजे. रकान्यातील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर पान आपोआप मोठे होते आणि गिऱ्हाईक जागा चुकते. पैशांच्या बाबतीत एक विनोदी दोष वारंवार आढळतो : काउंटरवरचा यूपीआयचा क्यूआर कोड तसाच पानावर लावलेला असतो, पण तो जिच्यावर दिसतो ती स्क्रीन गिऱ्हाइकाच्याच फोनची असल्याने स्कॅन करायला दुसरा फोन लागतो, नाहीतर स्क्रीनशॉट काढून तो गॅलरीतून निवडावा लागतो. दाबताच पैसे देण्याचे ॲप उघडणारा यूपीआय दुवा ही त्यावरची सरळ सोय होय.

वेगळे ॲप काढण्याचा मोह अनेकांना होतो. वर्षातून एक-दोनदा साडी घेणाऱ्याने त्यासाठी फोनमध्ये जागा अडवावी, ही अपेक्षा फारच मोठी आहे.

तपासणी : गूगलची मोबाइलस्नेही चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली असून क्रोममधील लाइटहाउस हे साधन वेग व सुलभता मोजते. दुकानाच्या वायफायवर, नव्या फोनवर सगळीच पाने बरी चालतात, म्हणून जुना अँड्रॉइड फोन आणि मोबाइल डेटा वापरून तपासणी करणे योग्य ठरते. हवी ती साडी गिऱ्हाइकाला सापडली की नाही, हे कोणतेही साधन सांगत नाही. त्यासाठी ते पान पूर्वी न पाहिलेल्या माणसाच्या हाती फोन देऊन, ‘दोन हजारांच्या आतली निळी साडी काढून दाखवा’ असे एखादे काम सांगावे लागते, आणि मधे न बोलता तो कुठे अडखळतो हे टिपून घ्यावे लागते.