सहावा कारागीर

धारावीतल्या एखाद्या शिलाईच्या कारखान्यात शिरलात तर पोटमाळ्यावर चार मशीन, कटिंगचे टेबल आणि कोपऱ्यात इस्त्री, एवढाच पसारा दिसतो. माणसे पाच. शिवू तेवढा माल खपतो, तरी मालक सहावा कारागीर घेत नाही. का?

समजुतीसाठी आकडे धरू. कापड, दोरा, वीज वजा जाता शर्टामागे मालकाला ४० रुपये मिळतात. कारागिराचा रोज ७०० रुपये. हे दोन्ही दर बाजार ठरवतो. मालकाने दोन रुपये जास्त मागितले तर व्यापारी पलीकडच्या गल्लीत जाईल, रोजात पन्नास रुपये कापले तर कारागीर जाईल. मालकाने ठरवायचे उरते ते एवढेच, की माणसे किती?

एकट्यानेच कापायचे, शिवायचे, काज-बटण करायचे, इस्त्रीही करायची म्हटले तर सारी उठबसच. दिवसाला १५ शर्ट होतात, त्यांचे ६०० रुपये. परवडत नाही. दोघे असले की कामाची वाटणी होते आणि शर्ट ३६ निघतात. तिघांत ६०, चौघांत ८२, पाच जणांत १०१. सहावा आला की ११३.

हिशोब चुकतो तो इथे. सहा जणांत ११३ शर्ट, म्हणजे माणशी जवळजवळ १९, त्यांचे साधारण ७५० रुपये. रोज तर ७००च, मग सहावा परवडलाच की! पण जाणता मालक भागाकार सोडून वजाबाकी करतो. सहाव्यामुळे वाढले १२ शर्ट, म्हणजे ४८० रुपये. त्यासाठी ७०० मोजले तर दिवसाला २२० रुपये खिशातून जातात. पाचव्याने १९ शर्ट वाढवले होते, ७६० रुपयांचे, म्हणून तो टिकला. एका जादा माणसामुळे वाढणाऱ्या या मालाला अर्थशास्त्रात सीमांत उत्पादन म्हणतात. त्याचे रुपयांतले मोल रोजाच्या खाली उतरले की भरती थांबते.

सहावा आळशी असतो म्हणून हे घडते, असे कृपा करून समजू नका. मशीन चारच, टेबल एकच. बिचारा धागे कापतो आणि मशीन रिकामे व्हायची वाट बघतो. पहिल्याला सहावा केले आणि सहाव्याला पहिला, तरी हेच आकडे येतील. दिवाळीत शर्टामागे ६० रुपये सुटू लागले की त्याच १२ शर्टांचे ७२० होतात आणि सहाव्याला बोलावणे जाते. उलट ३५च सुटू लागले तर पाचव्याच्या १९ शर्टांचे ६६५ होतात आणि पाचवा घरी बसतो. हात तेच, कसब तेच. जॉन बेट्स क्लार्क या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हा सिद्धांत मांडताना असेही म्हटले, की कामगाराला यातून त्याच्या श्रमाचे न्याय्य मोल मिळते. हिशोब मला पटतो, न्यायाची गोष्ट पटत नाही.

गिरणगावातल्या बदली कामगारांचे, म्हणजे कायमचा माणूस गैरहजर असला तरच काम मिळणाऱ्यांचेही कोडे इथेच उलगडते. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, साच्यांची (मागांची) संख्या ठरलेली. मुंबईत एक विणकर सहसा दोन साचे सांभाळी. एखादा आजारी पडला की ते साचे बंद, आणि त्या दिवशी दारातल्या बदलीवाल्याचे मोल थेट दोन साच्यांच्या कापडाएवढे. सगळे हजर असले तर त्याच माणसाचे मोल जवळजवळ शून्य. माणशी तीन साचे देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा किती हात रिकामे होणार हे कामगारांना कोणी शिकवावे लागले नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपामागे ते एक मोठे कारण होते.

अर्थात, या गणितात काम देणारे पुष्कळ असतात असे गृहीत धरले आहे. परिसरात मालक एकच असला तर? सहाव्याला आणायला त्याला ७५० द्यावे लागले, की बाकीचे पाचही तेवढेच मागतात. म्हणजे सहावा पडतो १००० रुपयांना, म्हणून मालक माणसेही कमी ठेवतो आणि रोजही दाबून ठेवतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये या स्थितीचे सविस्तर विश्लेषण केले. अशा ठिकाणी सरकारने किमान वेतन ७५० ठरवले तर सहावा ७५० मध्येच पडतो, आणि पगारवाढीने माणसे घटण्याऐवजी वाढूही शकतात. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाल्यावर तिथल्या फास्ट फूडच्या दुकानांची पाहणी केली. नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले ते अशाच अभ्यासांसाठी.