‘पित्त व्हयनं व्हई’

हिवाळ्यात जळगावकडे मळ्यात भरीत-पुरी झाली आणि पहाटे घरातल्या पन्नाशीच्या माणसाची छाती जड झाली, की घरात पहिल्यांदा उमटतं ते हेच: ‘पित्त व्हयनं व्हई,’ म्हणजे पित्त झालं असेल. मग ओवा, सोडा, थंड दूध. दवाखाना उजाडल्यावर. तो हृदयविकाराचा झटका असेल, तर नेमक्या त्याच तासांत हृदयाचा वाचू शकणारा स्नायू मरतो, म्हणून हा समज आला कुठून ते पाहायला हवं.

तो एकट्या खानदेशाचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरही अशा मृत्यूंना ‘तीव्र अपचन’ म्हणत. हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर टेकलेली, पटलाखाली लगेच जठर. दोन्हींच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळजवळच्या भागांत पोचतात आणि मेंदूला नेमकी जागा कळत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली तरी माणूस जगू शकतो, असं शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडलं. त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. पुढे ईसीजीची जोड मिळाली, तेव्हा कुठे हे निदान रुजलं.

आपल्याकडे बराच काळ हृदयरोग म्हणजे व्हॉल्व्हचा आजार. पोराचा घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. पुढे काही वर्षांनी झडप आखडून दम लागायचा. १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी त्याचं इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. सातपुड्यातल्या पाड्यावरून भर पावसाळ्यात ते गाठणं किती कठीण, हे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आयांना विचारावं. मला वाटतं, हृदयरोगी म्हणजे दम लागलेलं, खंगलेलं पोर, हे चित्र जुन्या माणसांच्या मनात तिथूनच बसलं. कापसाची गाठोडी उचलणाऱ्या धडधाकट माणसावर मग शंका कशी यावी?

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. उच्च रक्तदाब, सिगारेट, कोलेस्टेरॉल यांचा झटक्याशी संबंध त्यातून पुढे आला. धडधाकट दिसणाऱ्याचंही बीपी वाढलेलं असू शकतं आणि त्याला ते जाणवतही नाही. पापड, बिबडे, लोणचं यांतून मीठ नकळत वाढतं. त्यात तंबाखूची भर.

फुगा घालून हृदयाची धमनी उघडण्याची शस्त्रक्रिया १९७७ मध्ये झुरिकला पहिल्यांदा झाली. आपल्या भागातल्या गरिबाला ती सरकारी खर्चाने मिळण्याची वाट २०१२ मध्ये रुंदावली. आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. २०१४ पासून १०८ ची गाडीही आहे.

घाम फुटला, जबडा किंवा हात दुखला, दम लागला, तर ओवा शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा. मधुमेहाच्या काही रुग्णांना आणि काही बायकांना छातीत दुखतही नाही, नुसतं मळमळतं आणि गळून जायला होतं. पहिला ईसीजी साफ आला आणि त्रास थांबत नसेल, तर थोड्या वेळाने दुसरा काढायला सांगा. सुरुवातीचा झटका पहिल्या पट्टीत कधी कधी उमटतच नाही.