देवगांडूळ आणि वाळा: एकसारखे दिसतात, पण सगेसोयरे नाहीत

पावसाळा लागला की मोरीच्या जाळीतून वाळा हा छोटा साप वर येतो, घाटात-कोकणात शेणखताखाली देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर सापडतो, आणि दोघांचेही फोटो 'सापाचं पिल्लू' म्हणून फिरू लागतात. ओळखायला काहीच अवघड नाही. वाळा वीतभर, सुतळीएवढा, अंगभर चकचकीत खवल्यांचा, जीभ आतबाहेर करणारा. देवगांडूळ ओलसर कातडीचं, अंगावर आडव्या वळ्या असलेलं. दोघांपासून माणसाला धोका नाही. साध्या गांडुळाला तर पाठीचा कणाच नाही, त्याला या चर्चेत ओढूच नका.

मला खरी चीड येते ती 'देवगांडूळ म्हणजे गांडूळ आणि साप यांच्यातला दुवा' या वाक्याची. देवगांडूळ आणि साप दोघांना पाय नाहीत, म्हणून दोघं जवळचे, असं ठरवून टाकलेलं असतं. पण नसलेल्या पायांवरून नातं जुळवता येत नाही. मातीत घुसायला लांबट, बिनपायांचं अंग सोयीचं पडतं, म्हणून देवगांडुळांच्या पूर्वजांनी पाय गमावले, सापांच्या पूर्वजांनी वेगळे गमावले आणि सरड्यांच्या कितीतरी कुळांनी आणखी वेगळे.

नातं ठरतं ते एखाद्या पूर्वजात नव्यानं आलेल्या आणि पुढे सगळ्या वंशजांत उतरलेल्या गुणावरून. इथे तो गुण गर्भाभोवती आहे. वाळ्याचा गर्भ गर्भजलाच्या पिशवीत वाढतो. कोंबडीचं पिल्लू, गाईचं वासरू आणि आपणही तशाच पिशवीत वाढलो. देवगांडुळाच्या गर्भाला ती पिशवी नसते, बेडकाच्याही नसते. इक्थिओफिस या गटातल्या देवगांडुळाची मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते.

म्हणजे वाळा देवगांडुळापेक्षा गाईला जवळचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण वंशवृक्षावर फांदी तिथेच फुटते: वाळा, गाय आणि माणूस एकीकडे, देवगांडूळ, बेडूक आणि सॅलॅमँडर (शेपटीवाले उभयचर) दुसरीकडे. 'खालच्या' प्राण्यांपासून 'वरच्या'पर्यंतची शिडी पाठ केलेल्यांना हे पटत नाही. ती शिडी शाळेच्या भिंतीवरून आधी उतरवा.

देवगांडुळांकडे नीट पाहायला मात्र हवं. खंडाळ्याच्या एका जातीचं वर्णन १९६० मध्ये झालं, आंबोलीच्या गेगेनिओफिस डॅनिएलीचं थेट २००३ मध्ये. सापडलं तर कोरड्या हातानं धरू नका, काठीनं ठेचू नका. ओल्या मातीसकट उचलून सावलीत सोडा. आणि फोटो टाकणार असाल, तर खाली 'उभयचर' एवढं लिहा.